घंटीच्या चार तारा

भजनात पुढे म्हणणारा थांबला की मागचे टाळ पोरके होतात. ज्याने एकदा टाळ हाती धरला, त्याच्या तळहाताला हे ठाऊक असते. बजाजनगरच्या खंडेरावांच्या घरी वर्षभर एक अभंग असाच अर्ध्यावर अडत होता, आणि तो म्हणणारी आता या जगात नव्हती.

खंडेराव मूळचे देवगाव रंगारीचे. वडिलांनी मेंढ्या राखल्या. खंडेरावांनी वाळूजच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षे विजेच्या तारा राखल्या. पत्नी चतुराबाई वस्तीतल्या महिला भजनी मंडळात पुढे म्हणत असे. तिच्या आवाजाला किंचित खरखर होती, आणि त्या खरखरीतच सारे मंडळ विसावत असे. दर एकादशीला खंडेराव मंदिराच्या खांबाला टेकून तिचे चित्रण करीत. देवाकडे पाठ आणि बायकोकडे तोंड, म्हणून बायका हसत. खंडेराव हलत नसत. अनेक वर्षांची ती चित्रणे वरच्या खोलीतल्या एका काळ्या पेटीत साठवलेली होती. ती पेटी म्हणजे त्यांचा घरगुती सर्व्हर. तिथून भिंतीतल्या नळीतून एक केबल खाली बैठकीत उतरे, टीव्हीला जोडलेल्या छोट्या संगणकापर्यंत. ती केबल त्यांनी स्वतःच्या हाताने ओढली होती.

जुनी चित्रणे त्या वाटेने सुखाने खाली येत. अडे ते केवळ शेवटचे. लेक अक्षदा हिने बंगळूरहून नवा कॅमेरा पाठवला होता. त्यात चित्र इतके स्वच्छ उतरले की चतुराबाईच्या गळ्यातल्या माळेचे मणी मोजावेत. पण जितके चित्र स्वच्छ, तितका त्याचा भार मोठा. पहिले चरण नीट येई. दुसऱ्याला तिचे ओठ उघडत आणि उघडेच राहत. पडद्यावर एक चक्र फिरत राही. मग तीन शब्द, पुन्हा चक्र. खंडेराव टीव्ही बंद करीत. बोट सरकवून पुढचे पाहावे, असे त्यांच्या मनात कधी आले नाही. अभंगाचे चरण गाळून पुढे जायचे नसते, एवढे त्यांना घट्ट ठाऊक होते. म्हणून त्या चित्रणाचा शेवट त्यांनी वर्षभरात एकदाही पाहिला नव्हता.

आता तिच्या जाण्याला वर्ष भरत होते. गुरुवारी मंडळाच्या अकरा जणी घरी येणार होत्या. वीस वर्षे चतुराबाईच्या डाव्या अंगाला टाळ धरणाऱ्या बानाबाईने आधीच बजावले होते,

"दाजी, त्या दिशी आमच्यातलं कुणी पुढं म्हणणार नाय. अक्का म्हणंल टीव्हीतून, आम्ही मागं. नीट चालतंय ना ते?"

"चालतंय की," खंडेराव म्हणाले. अकरा जणींच्या देखत ती मधेच थिजली तर? एकदा गेलेली ती सर्वांसमक्ष पुन्हा जाईल. हे त्यांना सोसवणार नव्हते.

मंगळवारी ते शहरातल्या औरंगपुऱ्यात गेले. संगणकाचे सामान विकणाऱ्या शीलाचे दुकान त्यांना माहीत होते. तिने सारे ऐकले आणि विचारले,

"काका, स्पीड किती दाखवतंय?"

"शंभर."

"शंभर? पेटी हजार स्पीडची, कॉम्प्युटर हजारचा, अन् तुम्ही शंभरवर? बैलगाडी है क्या?"

"वायर चांगलीय. मी सोता टाकलीय."

"तेच तर डेंजर है!" शीला हसली. "आत आठ तारा असतात. आठही लावल्या तरच हजार. लावल्या ना?"

"चार."

"अन् बाकीच्या चार?"

"कामात हायेत."

"कोणत्या कामात?"

"घंटीच्या."

कारखान्यात त्यांच्या हाताला एक वळण लागले होते: केबलमधली मोकळी तार रिकामी पडू द्यायची नाही. चतुराबाईने अंथरूण धरले, तिची खाट खाली बैठकीत आली. खंडेराव दिवसा वरच्या खोलीत लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करीत बसत. तेव्हा त्याच केबलच्या चार तारा त्यांनी घंटीला दिल्या. तिच्या उशाशी बटण, वर त्यांच्या बाकाशेजारी घंटी. तिला कूस बदलायची असली की ती बटण दाबे, आणि हातातले काम टाकून ते जिना उतरत. ती गेली, खाटही गेली. बटण भिंतीवर राहिले, घंटी वर राहिली.

शीलाचे हसू मावळले. "मग ते राहू द्या काका. बाहेरून नवी केबल टाका, पंधरा मीटर. घंटीबी राहील, तुमचं कामबी होईल."

खंडेरावांनी केबलचे वेटोळे खांद्याला अडकवले आणि ते घरी आले. खिडकीतून खिडकीत केबल नेणे, त्यांच्या हाताला तासाभराचे काम. पण हात उचलेना. घंटी राखायची, पण दाबणार कोण?

ते बैठकीत आले. जिथे खाट होती तिथे जमिनीवर बसले आणि त्यांनी बटण दाबले. आयुष्यात प्रथमच ते घंटीच्या या टोकाला होते. वर ती बारीक किणकिणली. खंडेराव ऐकत राहिले. जिना निःशब्द होता. एकही पायरी वाजली नाही. किती लांब होते ते वाट पाहणे! वरून खाली यायला त्यांना पाव मिनिट लागे; तेवढ्या वेळात खाली तिच्यावर काय काय उलटून जात असेल, हे त्यांना आज कळले.

"आलो गं," ते रिकाम्या घराला म्हणाले आणि उठले.

पेचकस घेऊन त्यांनी घंटी उतरवली, बटण उतरवले. केबलच्या दोन्ही टोकांना आठही तारा रंगांच्या क्रमाने, माळेत फुले ओवावीत तशा, नव्या पिनेत बसवून दाबल्या. संगणकाने आकडा दाखवला: एक हजार. न वापरलेले वेटोळे त्यांनी कोपऱ्यात ठेवले. चित्रण मात्र लावून पाहिले नाही. एकट्याने ऐकायचे धैर्य त्यांना नव्हते.

गुरुवारी दिवेलागणीला अकरा जणी बैठकीत दाटीने बसल्या. चतुराबाई पडद्यावर आली. पहिले चरण झाले. दुसरे आले, आणि खंडेरावांनी डोळे मिटले. तिचे ओठ उघडले, सूर उमटला, शब्द वाहिला! अकरा टाळ एकदम तिच्या मागे धावले. ती पुढे, या मागे. ती चढली की या चढत, ती उतरली की या उतरत. तिसरे, चौथे, पाचवे चरण. कुठे अडखळ नाही, कुठे खंड नाही. भरल्या घरात खंडेराव दाराशी एकटे उभे होते, ओठांनी एकेक शब्द तिच्याबरोबर म्हणत.

अभंग पुरा झाला. टाळ खाली आले. पण चित्रण चालूच होते. पडद्यावरच्या चतुराबाईने पदराने कपाळ टिपले, थेट कॅमेऱ्याकडे पाहिले आणि ती म्हणाली,

"अहो, वाईच पाणी द्या ना. घसा कोरडा पडला."

पडदा काळा झाला.

खंडेराव स्वयंपाकघरात पोहोचले होते. माठात तांब्या बुडवला होता, पेला काठोकाठ भरला होता, आणि तो घेऊन ते बैठकीच्या दारात परत आले, तेव्हा कुठे त्यांना कळले.

बानाबाईने टाळ मांडीवर ठेवला आणि हात पुढे केला.

"आणा इकडं, दाजी. माझाबी घसा सुकलाय."

खंडेरावांनी पेला तिच्या हाती दिला. ती सारे पाणी एका दमात प्यायली.