एक तास दहा मिनिटं

अदिस अबाबाहून गोंदर किती लांब, हे झेवडू बेकेलेंना झोपेतून उठवून विचारावं. हवेतून सव्वाचारशे किलोमीटर, विमानाने एक तास दहा मिनिटं. तिकीटखिडकीमागे एकोणतीस वर्षं त्यांनी हेच सांगण्यात काढली. स्वतः विमानात पाय ठेवला नव्हता, पण तेवढ्यासाठी मत द्यायचं कुणी सोडतं का?

ते निवृत्त झाले आणि गोंदरला लेकीला मुलगी झाली. मुलीचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी, म्हणजे रविवारी पहाटे. नातीला चर्चमध्ये आपणच उचलून न्यायचं, हे त्यांनी लेकीकडून वदवून घेतलं होतं. त्यांची बायको त्सिगे गुरुवारीच मिरचीपुडीचे डबे घेऊन बसने निघाली.

"घे दोन दिवस हाडं खिळखिळी करून," झेवडू म्हणाले. "मी शनिवारी दुपारी बसेन, की एक तास दहा मिनिटांत तुझ्यापुढे हजर."

"आणि घरातून विमानात कसे जाणार? खिडकीतून उडी मारून?"

बायकांना भूगोल कळत नाही, असं म्हणून झेवडूंनी विषय मिटवला.

शनिवारी ते बॅग घेऊन दाराबाहेर पडतात तोच शेजारच्या येशिमेबेतबाईंनी, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'गाशे' म्हणून, हटकलं. "गाशे, एवढ्या लांब निघालात, तेही कॉफी न घेता?"

"लांब कसलं? एक तास दहा मिनिटं!"

"मग तर घाईच नाही. बसा."

झेवडू बॅग खाली ठेवून बसले. बाईंनी हिरव्या बिया धुतल्या, तव्यावर भाजल्या, धूर सगळ्यांच्या नाकाखाली फिरवला, कुटल्या, मातीच्या सुरईत उकळल्या. पहिल्या कपाला झेवडूंनी विमानाची उंची सांगितली, दुसऱ्याला वेग. मग घड्याळाकडे बघून चुळबुळ सुरू केली.

"तिसरा कप आशीर्वादाचा, गाशे. तो टाकून उठणार? माझ्या घरावर थुंकूनच जा की मग!"

बरं, आजवर असं उठून जाणाऱ्या प्रत्येकाला नावं ठेवण्यात झेवडूच पुढे असत. त्यांनी तिसरा कप घेतला.

विमानतळावर खिडकीमागची पोरगी गोड हसली. "वेळेवर गेलं, बाबा. तासाभरात पोचेलसुद्धा."

"एक तास दहा मिनिटांत! मला शिकवतेस?"

दुसरं विमान रविवारी सकाळी. ते एक तास आठ मिनिटांत उतरलं. दोन मिनिटं वाचली म्हणायची.

लेकीच्या घरी पाहुणे जेवायला बसले होते. पांढऱ्या कपड्यातली नात त्सिगेच्या खांद्यावर झोपली होती, गळ्यात बाप्तिस्म्याचा दोरा.

"मीच नेली," त्सिगे म्हणाली. "रडलीसुद्धा नाही."

झेवडू खाली बसले. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सांगायला एकही आकडा नव्हता.

त्सिगेने पोर त्यांच्या मांडीवर ठेवली आणि तव्यावर हिरव्या बिया टाकल्या.

"आता तिसऱ्या कपापर्यंत हलायचं नाही."