आळेफाट्याचे भावी अधिकारी

सैन्यातले अधिकारी घडवणाऱ्या खासगी अकॅडमीत सहा वर्षं गणित शिकवलं, की माणसाचं गणित किती उरतं ठाऊक नाही, पण किस्से मात्र ढिगानं साचतात. आणि किस्से म्हणजे चाळीत साठवलेला कांदा. वेळेवर बाहेर काढले नाहीत तर वास मारायला लागतात. म्हणून आता काढतोच.

ही अकॅडमी आळेफाट्याजवळ, हायवेला लागून. आधी त्या शेडमध्ये पोल्ट्री होती. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात कशाला! मी ओतूरला ज्युनिअर कॉलेजात नोकरी करून आठवड्यातून तीन दिवस तिथे शिकवायला जायचो. बारावी करायची, खडकवासल्याला जायचं, ऑफिसर व्हायचं, म्हणून जुन्नर-आंबेगावची पोरं-पोरी तिथे राहायला येत.

मालक होते कमांडो सर. अंगात मिलिटरीचे ठिगळाठिगळाचे कपडे, पायात चकचकीत बूट, गळ्यात शिट्टी. सरांची खरी नोकरी झाली चाकणला, एका कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीत. तिथून थेट कमांडो! मधली परीक्षा त्यांनी कुठे दिली, देव जाणे.

एकदा नातवाला घेऊन एक रिटायर्ड सुभेदार आले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ. सरांना त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "कुठल्या पलटणीत व्हता, पावणं?"

सर आवाज खाली आणून म्हणाले, "ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

सुभेदार म्हणाले, "पलटण गोपनीय नसती, राव. पळून आलेला गडी गोपनीय असतो!"

आणि एवढं बोलून नातवाला त्यांनी आमच्याकडेच घातला. का, तर एसटी दारात थांबते. आपल्या लोकांचं हे असं आहे.

*

पहाटेचं रनिंग हा अकॅडमीचा अभिमान. पोरं पळायची आणि सर मागून स्कूटरवर. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात भोंगा. "जोश! जोश! सीमेवर दुश्मन वाट बघतोय!" दुश्मनाचं माहीत नाही, पण हायवेवरचे ट्रकवाले वैतागून हॉर्न मारायचे.

एक दिवस पेट्रोल संपलं. सर गाडीवरून उतरतील तर शपथ! म्हणाले, "चला, ढकला. याला लोड ट्रेनिंग म्हणतात." आठ पोरं-पोरी ती स्कूटर पंपापर्यंत ढकलत गेली आणि सर वर बसून भोंग्यात "एक-दो-एक" करत होते.

त्या आठांत रोहिणी होती. डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरातली, भात आणि नाचणी पिकवणाऱ्या घरातली. पळण्यात पोरांनाही मागे टाकणारी. ती ढकलता ढकलता म्हणाली, "सर, तुमी खाली उतरला तर लई सोपं जाईल."

"सोपं गेलं तर ते ट्रेनिंग कसलं?" सर वरूनच म्हणाले. आणि भोंगा पुन्हा तोंडाला लावला.

*

पळण्यात रोहिणी जितकी पुढे, तितकी गणितात मागे. बारावी आर्ट्सची. दहावीनंतर तिने गणिताचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि परीक्षेत एक अख्खा पेपर गणिताचा. वयाच्या हिशेबाने तिच्या हातात दोनच संधी उरलेल्या. त्या हुकल्या की दार कायमचं बंद.

आणि अकॅडमीत माझा तास म्हणजे कुणीही यावं आणि खावा असा. पाहुणे आले, तास रद्द. कुणाचा वाढदिवस, तास रद्द. प्रजासत्ताक दिनाला आळेफाट्याच्या चौकात संचलन, म्हणून महिनाभर तास रद्द. मी तक्रार केली तर सर म्हणाले, "सर, सीमेवर काय साइन-थीटा विचारतात का?"

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तर त्यांनी कहर केला. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात, हे मी पोरांना समजावत होतो. सर मध्येच आत आले. "आपल्याकडे निगेटिव्ह बोलायचं नाही! एकही प्रश्न सोडायचा नाही!" चार पोरांनी ते मनावर घेतलं. त्यांचे मार्क बघून मला कळलं, की शून्याच्या खालीसुद्धा वस्ती आहे.

रोहिणीचं गणित झालं ते ओतूरच्या एसटी स्टँडवर. दर रविवारी ती मला तिथे गाठायची. मी गावाकडे जायला निघालेला, गाडी नेहमीसारखी लेट, आणि बाकावर आमची त्रिकोणमिती. कंडक्टर, भाजीवाल्या, सगळे डोकावून जायचे. त्या वर्षी एसटी वेळेवर धावली असती तर पोरगी नापास झाली असती. लेखी परीक्षा तिने काढली!

*

लेखी पास झाल्यावर कमांडो सरांना जाग आली. पुढे पाच दिवसांची मुलाखत असते, तिथे 'ऑफिसरसारखं' दिसायला पाहिजे. म्हणून मेसमध्ये काटे-चमचे आणले. जेवायला पिठलं-भाकरी! ती काट्याने खायची. सुरीने कापायला गेलं की भाकरीचा तुकडा थेट समोरच्याच्या ताटात.

त्या दिवशी रोहिणीचे वडील भेटायला आले होते. टोपी हातात धरून बराच वेळ बघत राहिले. लेक काट्याने पिठलं उचलतेय आणि पिठलं खाली गळतंय. शेवटी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाय, हाताला काय लागलंय का गं?"

*

आमच्या एका पोराने दंडावर तलवारी गोंदवून घेतल्या. सरांनी पाठ थोपटली, "याला म्हणतात जिगर!" मेडिकलला त्या तलवारींनीच त्याला बाहेर काढलं. दंडावर गोंदलेलं चालत नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलंय, पण नियम वाचायला वाचावं लागतं ना! पोरगं रडत परत आलं. सरांनी सल्ला दिला, "पुढच्या वेळी फुल शर्ट घालून जा."

मेडिकलला! जिथे अंगावर चड्डीशिवाय काही ठेवत नाहीत!

*

आता ज्या गोष्टीचा मला आजही राग येतो ती सांगतो.

मुलाखतीसाठी सरांनी एक झेरॉक्स काढली. 'शूर प्रसंग विचारला तर काय सांगावे.' त्यात लिहिलं होतं, की गावच्या विहिरीत पडलेल्या मुलाला मी उडी मारून वाचवलं. त्या वेळी चौघे एकाच बॅचला मुलाखतीला गेले. तीन पोरं आणि रोहिणी. त्यातले दोघे मुळात पुण्याच्या क्लासचे, आमचे फक्त फ्लेक्सवरच्या फोटोपुरते. पण झेरॉक्स त्यांनीही पाठ केली.

पहिल्याने मूल वाचवलं. दुसऱ्याने वाचवलं. तिसऱ्यानेही वाचवलं. सगळ्यांची विहीर तीच, मूलही तेच, पावसाळाही तोच. रोहिणीने तोंड उघडलं आणि दोनच वाक्यं बोलली असेल, तोवर समोरचे साहेब फाइल मिटून शांतपणे म्हणाले, "बेटा, उस बच्चे को अब तैरना सिखा दो!"

चौघेही घरी.

रोहिणी परत आली ती एसटी स्टँडवरच्या त्या बाकावर येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "सर, आमच्या गावाला तर विहीरच न्हाई. मी कशाला बोलले वो तसं?" मला फार लाज वाटली. तो कागद माझ्याच वर्गात वाटला गेला होता. मी फळा पुसत उभा होतो, वाचलाही होता, हसलोही होतो. थांबवला मात्र नव्हता.

*

तिने अकॅडमी सोडली. सामान घेऊन गावी गेली. एकच संधी उरली होती. सकाळी डोंगर चढायची, दुपारी अभ्यास आणि रविवारी दोन गाड्या बदलून ओतूरच्या बाकावर. मीही महिनाअखेरीला अकॅडमीचा राजीनामा दिला. शूरपणा म्हणून सांगत नाही, उशीरच झाला होता.

सरांना राग आला तो तिच्या जाण्याचा. चौकातल्या 'भावी अधिकारी' फ्लेक्सवर तिचा फोटो होता. नवीन फ्लेक्स कोण छापणार? म्हणून तिच्या फक्त चेहऱ्यावर दुसऱ्या एका पोराचा चेहरा चिकटवला. पोराला दाट मिशी आणि खांद्यावरून पुढे आलेली रोहिणीची लांब वेणी! आख्खा आळेफाटा गाड्या थांबवून बघत होता. त्या पोराची आई दूध घालायला तिथून रोज जायची. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. फोटुतल्या वेणीला तेल तरी लागत न्हाई."

*

दुसऱ्या खेपेला रोहिणी पुन्हा लेखी पास झाली, मुलाखत पार केली, मेडिकल पार केलं, आणि निकालाच्या यादीत नाव लागलं. खडकवासल्याचं पत्र घरी आलं! गावाने देवळापुढे मांडव घातला. डोंगरातल्या चार वाड्यांतली माणसं जमली. मला तिच्या वडिलांनी हाताला धरून पुढे बसवलं. मला बसवत नव्हतं.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. बोलावणं नसताना कमांडो सर! सोबत शाल, नारळ, फोटोग्राफर आणि नवा कोरा फ्लेक्स. 'आमच्या अकॅडमीची रणरागिणी.' उतरले ते सरळ स्टेजवर, आणि सरपंचांच्या हातातला माइक कधी त्यांच्या हातात गेला ते सरपंचांनाही कळलं नाही. वीस मिनिटं ते स्वतःबद्दल बोलले. मग रोहिणीच्या अंगावर शाल टाकली, फोटोग्राफरकडे बघून हसले आणि माइक तिच्यापुढे धरला.

"सांग बेटा, सगळ्या गावाला सांग! मुलाखतीत आपल्या अकॅडमीचं नाव घेतलंस की नाही?"

"घेतलं ना, सर."

सरांनी विजयी नजरेने मांडवभर बघितलं. टाळ्या पडल्या. "ऐकलं का मंडळी? घेतलं! आता कधी घेतलंस, तेही सांग!"

रोहिणीने शाल नीट केली.

"साहेबांनी इचारलं, 'इथवर येताना तुला सगळ्यात मोठा अडथळा कुठला आला?' तवा घेतलं."