कमी धुराची काडतुसं

सुदर्शन परचुरेला नेमबाजी येत नव्हती आणि हे सगळ्या क्लबला ठाऊक होतं. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या त्या बंदिस्त रेंजवर इतकी वर्षं जाऊनही त्याच्या टार्गेटवरची भोकं अशी असायची, की कुणी रांगोळीचे ठिपके घालायला बसावं आणि मधेच फोन यावा. तो स्वतःच आधी हसायचा, म्हणून बाकीच्यांना हसायला फारसं उरायचं नाही.

नेमबाज होती ती त्याची बायको, जयंती. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीच्या रायफल शूटिंगमध्ये तिने पदकं आणली होती. मग लग्न झालं, ईशानी झाली आणि नवऱ्याच्या नोकरीपायी सगळं बिऱ्हाड नेदरलँड्सला आलं. सुदर्शन हेगच्या एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर आणि ही डिपेंडंट व्हिसावर घरात. डचचे क्लास करून आणि मुलीला शाळेत सोडून-आणून ती पार कंटाळली होती. एक दिवस सायकलवरून येताना तिला नेमबाजी क्लबची पाटी दिसली. घरी आली, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "मी जाणारे."

"पिस्तूल? घरात?" सुदर्शनचा आवाज चिरकला होता. पण जयंती एकदा 'जाणारे' म्हणाली की विषय संपायचा. पुढे सगळी कागदपत्रं झाली, पोलीस येऊन भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी बघून गेले आणि बायको एकटी कशाला म्हणून सुदर्शननेही परवाना काढला. नेम लागला नाही तो नाहीच. पण त्याला त्याची जागा सापडली, ती घराच्या माळ्यावर, काडतुसं भरायच्या प्रेसपाशी.

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून द्यायची नसते. ती धुवायची, वाळवायची, तिच्या बुडाची, ठिणगी पाडणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, तोलून पावडर घालायची, वर गोळी दाबायची, की काडतूस पुन्हा तयार. हे काम जणू सुदर्शनसाठीच जन्माला आलं होतं. तो पुंगळ्या धुऊन जुन्या चादरीवर पसरायचा आणि लोकांच्या घरी कुरडया वाळतात तसं परचुऱ्यांच्या माळ्यावर पितळ वाळायचं. जयंती जिंकायची ती त्याने भरलेल्या काडतुसांवर. चषक तिचा, पण घरी येताना तो गाडीत मांडीवर घेऊन बसायचा हा.

त्या काळी तो साध्या शिशाच्या, मेण लावलेल्या गोळ्या वापरायचा आणि पावडरही जुन्या पद्धतीची, धूर करणारी. जयंतीला ती आवडायची. तिच्या एनसीसीच्या रेंजवर असाच वास यायचा म्हणे. शूटिंग संपलं की ती आपल्या पुंगळ्या वेचून एका स्टीलच्या डब्यात भरायची. बोटं काजळीने काळी व्हायची. मग बेसिनकडे जाण्याआधी त्यातलं एक बोट ती हळूच सुदर्शनच्या गालावर टेकवायची.

"काय हे!"

"तीट. एवढा देखणा नवरा, दृष्ट लागेल ना कुणाची."

देखणा तो कधीच नव्हता. डोक्यावर चार केस आणि पोट पुढे. तरी दर रविवारी गालावर काळा ठिपका घेऊन हा गृहस्थ क्लबच्या बारमध्ये कॉफी पीत बसायचा आणि घरी पोचेपर्यंत पुसायचा नाही.

जयंतीला खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी तो थंडीवर ढकलला. मग तिला जिना चढताना दम लागायला लागला. आधी हाउसआर्ट्स, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, मग हॉस्पिटल, तपासण्या. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सावकाश सांगितलं: फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, कारण सापडत नाही, रेंजशी त्याचा संबंध दिसत नाही, औषधाने वेग कमी होईल, पण हे मागे फिरणार नाही. आणि जाता जाता म्हणाल्या, धूर आणि धूळ तेवढी टाळा, त्याने खोकला चाळवतो.

एवढ्या सगळ्या बोलण्यातलं सुदर्शनने ऐकलं ते शेवटचं वाक्य. बाकीचं त्याच्या कानांनी घेतलं, पण आत जाऊ दिलं नाही.

वसंतात जयंतीने रेंजवर जाणं थांबवलं. दारातून आत शिरताच तिला ढास लागायची. इथे परवाना टिकवायचा तर वर्षभरात ठरावीक वेळा तरी नेमबाजी करावी लागते. नाही केली, तर परवाना जातो आणि परवाना गेला की पिस्तूलही द्यावं लागतं. एकदा सुदर्शन घरी आला, तर ती तिजोरी उघडून पिस्तूल नुसतंच मांडीवर घेऊन बसली होती. तेल दिलेलं होतं, पुसून झालं होतं, तरी पुसत होती.

"तू काही काळजी करू नकोस," तो म्हणाला. "मी करतो काहीतरी."

आणि त्याने खरंच करायला घेतलं. टेस्टर लोकांचा एक धर्म असतो: बिघाड झाला की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं होतं तसं ठेवायचं, म्हणजे दोष नेमका कुठे आहे ते सापडतं. सुदर्शनने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. त्याने बायकोचा खोकला असाच घेतला.

आधी गोळी. धूर दिसतो तो बराचसा पावडरीचा नसतोच, गोळीवरच्या मेणाचा असतो, हे त्याला कळलं. त्याने तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्या मागवल्या, अगदी बुडापर्यंत झाकलेल्या, म्हणजे शिसंही उघडं नको. पहिल्याच दिवशी रेंजवरचा धूर अर्ध्यावर आला. घरी येऊन तो नाचायचाच बाकी होता.

मग पावडर. इथे तो फसला. जयंतीच्या मनगटात आता पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून त्याने जुनीच पावडर काडतुसं भरायच्या पुस्तकातल्या किमान मापापर्यंत कमी केली. वाटलं, झटका कमी आणि धूरही कमी. पण पुंगळ्या बाहेर पडल्या त्या कोळशाच्या वखारीतून काढल्यासारख्या. कमी पावडरीला पुरता दाब मिळत नाही, ती अर्धवट जळते आणि काजळी उलट वाढते. सौम्यही हवं आणि स्वच्छही हवं, हे त्या पावडरीला जमणारं नव्हतं. मग झटकन पेटणारी, थोडीशी घातली तरी पूर्ण जळून जाणारी पावडर शोधणं आलं. एक आणली, तिचा वास डोक्यात जायचा. दुसरी आणली, ती बरी होती पण टार्गेट बिघडवत होती. सुदर्शनच्या हातून टार्गेट बिघडतंय की पावडरीमुळे, हे ठरवणं म्हणजे आणखी एक त्रांगडं. शेवटी त्याने रेंजवर देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्या कोबुसला ती काडतुसं झाडायला बसवलं.

सगळा उन्हाळा असा गेला. ऑफिसातून आला की माळ्यावर. आता मोठी होऊन युट्रेख्टला राहणारी ईशानी दर शनिवारी आईला बघायला यायची. एकदा ती माळ्याच्या जिन्यात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, शी इज डाउनस्टेअर्स. खाली बसा ना तिच्याजवळ."

"अगं, तिच्यासाठीच तर चाललंय हे."

"आय नो," ईशानी म्हणाली आणि खाली गेली.

मला सुदर्शनचा राग येतो तो इथे. पोरीला कळत होतं ते त्याला कळत नव्हतं असं नाही. पण खाली बसलं की तिचा श्वास ऐकू यायचा. वर प्रेसचा दांडा ओढला की ठक्क असा आवाज यायचा आणि दुसरं काही ऐकू यायचं नाही. माणूस त्या आवाजाला बिलगून बसला होता.

शरद लागला आणि त्याला हवी ती पावडर मिळाली. त्याने झाडलेली पुंगळी पांढऱ्या रुमालावर घासली, तर रुमाल पांढरा राहिला. तो खाली धावत आला. "जयू, हे बघ! काही नाही! काहीच नाही!" जयंतीने रुमाल हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "वा. मग जाऊ या की रविवारी."

त्या रविवारी त्याने काहीही नशिबावर सोडलं नाही. कोबुसला सांगून क्लब उघडण्याआधी रेंज मागून घेतली, म्हणजे दुसऱ्या कुणाचा धूर नको. पंखे आधीपासून चालू ठेवले. फरशी आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून घेतली. जयंतीने आपलं जुनं निळं जॅकेट घातलं, ते आता तिच्या खांद्यांवरून उतरत होतं. तिने हात ताणला, श्वास रोखला आणि घोडा दाबला.

धूर नव्हता. वास नव्हता. दिव्याच्या उजेडात हवा काचेसारखी दिसत होती. दुसरी गोळी, तिसरी. तिन्ही मधल्या काळ्या वर्तुळात. सुदर्शनच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि तिला ढास लागली.

पिस्तूल कसंबसं टेबलावर ठेवून तिने कडेची भिंत धरली. खोकला थांबेना. सुदर्शन तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता आणि त्याला समोरची ती स्वच्छ हवा दिसत होती. मेण काढलं होतं. शिसं झाकलं होतं. पावडर बदलली होती. लोक नव्हते, धूळ नव्हती. एकेक करून त्याने सगळं काढून टाकलं होतं आणि जे उरलं होतं ते त्याच्या हाताखाली, तिच्या पाठीत, हलत होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. आता ते त्याने स्वतःच सिद्ध केलं होतं, इतकं नीट की कुठेही चूक काढायला जागा नव्हती.

तो खुर्चीत बसला आणि रडला. मोठ्याने, लहान पोरासारखा. कोबुस दार लोटून बाहेर निघून गेला.

जयंतीला श्वास मिळाला तेव्हा ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "मला माहीत होतं रे."

"मग मला का नाही सांगितलंस? सगळा उन्हाळा मी वर..."

"तुला वर बरं वाटत होतं." तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "आणि मला वाटलं, न जाणो. तुझ्या हाताला यश आहे." मग तिने विचारलं, "जुन्यातली आहेत का रे काही?"

"जुनी? धुराची?"

"हो."

"अगं, त्याने अजून त्रास होईल तुला!"

"खोकायचंच आहे ना? मग त्या वासात तरी खोकते."

त्याच्या पेटीत तळाला जुनी मूठभर काडतुसं होती. त्याने ती एकेक करून तिच्या हातात दिली. धूर झाला. मेणाचा, पावडरीचा तो कडवट वास सगळीकडे पसरला, तिच्या कॉलेजातला. ती खोकत होती, हसत होती, थांबून पुन्हा नेम धरत होती. संपल्यावर ती खाली बसली आणि तिने जवळची एक पुंगळी उचलून त्या पुंगळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. ते तिने त्याच्या ओल्या गालावर टेकवलं.

"आता कशाला?" तो म्हणाला.

"आता तर जास्तच," ती म्हणाली.

जयंती पुन्हा रेंजवर गेली नाही. सुदर्शनने प्रेसवर जुनी चादर टाकली आणि तो खाली बसू लागला. तिच्याजवळ, तिचा श्वास ऐकत. हिवाळा सरताना ती गेली. तिचं पिस्तूल पोलीस घेऊन गेले. आलेला माणूस सभ्य होता, बूट काढून आत आला. तिजोरीत सुदर्शनचं एकट्याचं पिस्तूल उरलं आणि त्याच्या शेजारी त्या उन्हाळ्यात भरलेल्या काडतुसांचे डबे.

कोबुस दर आठवड्याला फोन करायचा, ये म्हणायचा. शेवटी एका रविवारी सुदर्शन रेंजवर गेला. ती काडतुसं झाडली, इकडेतिकडे लागली. झाल्यावर तो गुडघ्यांवर बसून पुंगळ्या वेचायला लागला आणि तिच्या स्टीलच्या डब्यात टाकायला लागला. सगळ्या पिवळ्याधमक, लख्ख. त्याने एकीच्या तोंडावरून बोट फिरवलं. दुसरीच्या फिरवलं. मग डब्यातल्या सगळ्या परत बाहेर काढून एकेकीवर घासून पाहिलं.

पावडर फारच चांगली निघाली होती. त्याने तरीही ते बोट गालाला लावलं आणि आरशापाशी जाऊन पाहिलं. गालावर काहीच उमटलं नव्हतं.