बाबांनी वाचलेली पाटी

माझ्या बापाचा कुणावरही विश्वास नाही. ही तक्रार नव्हे, त्यांचा पेशाच तसा होता. ड्रायव्हिंग टेस्ट घेणारे इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी उभा जन्म परक्या माणसांच्या शेजारच्या सीटवर काढला. आज हा आपल्याला खांबावर घालणार, असं धरूनच ते रोज घरून निघत. लायसन्स मागायला आलेल्या माणसाला कळायच्या आत त्याची परीक्षा सुरू झालेली असे. "या, बसा," म्हणायचं आणि मग सहज विचारायचं, "बाहेर फाटकाशी कुठल्या रंगाची गाडी उभी आहे हो?" डोळे तपासायचे अक्षरांचे तक्ते त्यांच्याकडे दोन होते. रांगेतले लोक पुढच्याचं ऐकून पाठ करतात, म्हणून दुपारी ते गुपचूप तक्ता बदलायचे. मग जुना तक्ता घडाघडा म्हणून दाखवणारा एखादा बहाद्दर हमखास सापडायचा. त्या संध्याकाळी बाबा भलतेच खुशीत असायचे.

घरातही तोच खाक्या. आई म्हणायची, "मी जेवायला वाढलं तरी हे आधी माझ्याकडे बघतात, मग ताटाकडे."

आई गेली आणि बाबांचं जग एका जुन्या निळ्या व्हॅनमध्ये येऊन बसलं. घर गावाबाहेर, चढावर. रोज दुपारी व्हॅन काढायची, गावात मित्रांकडे पत्ते कुटायला जायचं, येताना भाजी आणायची. व्हॅन गेली तर हे सगळंच गेलं, मग दिवसभर खिडकीशी बसणं आलं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही. पण मध्यंतरी व्हॅनच्या डाव्या अंगाला एक लांबलचक ओरखडा दिसला. "कुणीतरी घासून गेलं मेलं," बाबा म्हणाले. तिकडे आमच्या फाटकाच्या खांबाला निळा रंग लागला होता. मीही इन्स्पेक्टरची पोरगी. तोंडातून चकार शब्द काढला नाही. रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला सांगितलं, "बाबांना घेऊन कॅम्पिंगला जाऊ. गाडी त्यांनाच चालवू दे. दिसत नसेल, तर किल्ली काढून घ्यायची."

"असं कसं गं? त्यांना वाईट वाटेल," नवरा म्हणाला. माझा नवरा सगळ्यांना आवडतो. तेवढी एकच खोड आहे त्याला.

बाबांना पहिल्या मिनिटापासून वास आला. "घर असताना कापडात झोपायचं? कुठंतरी पाणी मुरतंय," असं म्हणतच ते व्हॅन चालवायला बसले. तिथवरचा रस्ता सरळसोट होता, त्यात मला काहीच कळलं नाही. नदीकाठच्या मैदानात आम्ही तंबू ठोकला तेव्हा ते खुर्ची टाकून बसले होते, खुंट्यांकडे न बघता माझ्याकडे बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाहीर केलं, की आज खालच्या अंगाचं जुनं गाव बघायचं. बाबा चहाचा कप घेऊन थेट कॅम्पच्या व्यवस्थापक बाईंकडे गेले आणि बराच वेळ बोलत बसले. गावात काय काय आहे, पूल कुणी बांधला, बुरूज कशासाठी. जन्मात कधी देवळाच्या पायरीशीही न रेंगाळलेला हा माणूस इतिहासात रस घेतोय म्हटल्यावर माझा नवरा विरघळला. "बघ, किती खूश आहेत," तो म्हणाला. मला मात्र ते लक्षण काही ठीक दिसेना.

बाबा चालवायला, नवरा त्यांच्या शेजारी आणि मी मागे. मागून आरशात त्यांचे डोळे दिसत होते, म्हणून ती जागा मी मुद्दाम धरली. त्यांनी गाडी चालवली मात्र झकास. पुढे एक पिठाचा टेम्पो चालला होता, त्याच्यामागे योग्य अंतर ठेवून, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. टेम्पो थांबला की आम्ही थांबायचो, टेम्पो सुटला की सुटायचो. मी मनातल्या मनात त्यांना मार्क देत होते. मग टेम्पो उजवीकडे वळला, त्यामागे आम्हीही वळलो, आणि एका गोदामाच्या अंगणात पोत्यांसमोर जाऊन उभे राहिलो.

"जवळची वाट आहे का बघत होतो," बाबा म्हणाले.

हमाल आमच्याकडे बघत राहिले. नवरा त्यांना हात हलवून हसला. मी हसले नाही.

गाव सुंदर होतं, पण मला बघायला सवड कुठली? अरुंद दगडी गल्ल्या, वर एकमेकींना टेकायला आलेल्या खिडक्या, भिंतींवर जुन्या पुरांच्या खुणा, एक तर माझ्या डोक्याच्याही वर. लोक त्या खुणांखाली उभे राहून फोटो काढत होते आणि मी बापाच्या पायांकडे बघत होते. पायरी आली की त्यांचा पाय आधी हळूच पुढे सरकायचा, दगड शोधायचा आणि मगच टेकायचा.

"बाबा, त्या मनोऱ्याच्या घड्याळात किती वाजलेत हो?"

"का? तुझ्या मनगटावरचं बंद पडलंय?"

थोड्या वेळाने मी म्हटलं, "त्या होडीत किती माणसं बसलीत बघा."

बाबा थांबले. "आता माझा प्रश्न. आत्ता तुझ्या उजव्या हाताने कोण गेलं?"

मला काय ठाऊक कोण गेलं! मी त्यांच्याकडे बघत होते.

"नापास," बाबा म्हणाले आणि चालू लागले. मग न वळता म्हणाले, "मला तपासायला आणलंयस तू. मला कळत नाही का? सरळ विचार की."

मलाही चेव चढला. "बरं, सरळ विचारते. पलीकडे पुलाच्या बुरुजावर पाटी आहे. इथून वाचून दाखवा. वाचलीत, तर किल्लीचं नाव पुन्हा काढणार नाही."

मधे अख्खा चौक होता. मला पाटी दिसत होती, अक्षरं लागत नव्हती. खुद्द मलाच लागत नाहीत ती त्यांना वाचायला सांगणं हा अन्याय होता, पण रागाच्या भरात ते कुणाला सुचतं? बाबांनी डोळ्यांवर हात आडवा धरला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. "हा बुरूज पुलावरची जकात गोळा करण्यासाठी बांधला. मोठ्या पुरात पूल वाहून गेला, बुरूज तेवढा राहिला. पुढे त्याचा तुरुंग झाला."

एकदाही अडखळले नाहीत. माझा नवरा पळतच चौक ओलांडून बुरुजापाशी गेला, पाटीखाली उभा राहिला आणि वर बघून तिथूनच ओरडला, "अक्षर न् अक्षर बरोबर!"

आनंद झाला मला, खोटं कशाला सांगू? पण बाबांचा चेहरा पडला होता. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा असतो का? ते चौक ओलांडायला निघाले. मी त्यांच्या मागोमाग.

"काय लिहिलंय गं?" बुरुजाखाली आल्यावर त्यांनी विचारलं.

मी वाचलं. "दगड सैल झाले आहेत. बुरुजाखाली उभे राहू नये."

आम्ही तिघंही बुरुजाखालीच उभे होतो. आधी तिथून बाजूला झालो. मग बाबा जावयाकडे वळले.

"जावईबापू, कुणाचंच कधी अक्षर न् अक्षर बरोबर येत नसतं. मला पाटीचा रंगसुद्धा दिसला नव्हता. बोललो ते सगळं त्या बाईंनी सकाळी सांगितलेलं."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा..."

"वाटलंच असतं. मी खोटं बोललो, कारण मला किल्ली हवी होती. तुम्हाला काय हवं होतं?"

नवरा पुन्हा पाटीकडे बघू लागला.

"ही मागे बसणार होती," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मला भीती वाटली. "आंधळ्याच्या हातात गाडी देऊन तुम्ही माझ्या पोरीला मागे बसवणार होता. मला बरं वाटावं म्हणून."

आजवर नवऱ्याला मी कितीतरी बोलले असेन, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना. तो कानापर्यंत लाल झाला होता. मी बापावर चिडायचं की नवऱ्यावर, की ही पैज लावणाऱ्या स्वतःवर, मला ठरवता येईना. बाबांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. त्यांनी फक्त माझी बोटं मिटली.

परतताना ते मागे बसले. मी चालवत होते आणि पाठीमागून सूचना येण्याची वाट बघत होते. गिअर उशिरा टाकला, काही नाही. वळणावर आत घुसले, काही नाही. कॅम्पच्या रिकाम्या रस्त्यावर मी मुद्दाम इंडिकेटर न देता गाडी वळवली. ज्या माणसाने तेवढ्यासाठी अर्धं गाव नापास केलं, तो माणूस मागे हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. रागवा ना बाबा, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

तंबूपाशी गाडी उभी केली. नवरा उतरला, मी उतरले. बाबा उतरेनात. रुसले असतील, म्हणून मी जरा थांबले. मग आतून आवाज आला.

"अगं, हे मागचं दार आतून कसं उघडतं?"

इतकी वर्षं ती व्हॅन त्यांची होती, आणि मागे ते कधी बसलेच नव्हते. मी बाहेरून दार सरकवलं आणि त्यांना हात दिला.