डिस्पॅच शेडमधल्या स्विचच्या तक्रारी

आयटीवाल्याकडे किस्से आपोआप साठतात, कारण सगळं सुरळीत चालू असताना त्याला कोणी बोलावतच नाही. आमच्या अंबडच्या कारखान्यातल्या एका स्विचनेच मला एवढे दिलेत, की चहा थंड होतो पण किस्से संपत नाहीत!

हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, शेडमधले कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारा डबा. तो डिस्पॅच शेडमध्ये, भिंतीवरच्या पेटीत. दसऱ्यानंतर तो भर दुपारी बंद पडायला लागला. तो पडला की शेडचं नेटवर्क जायचं आणि ट्रक बिलासाठी ताटकळायचे. केबल टाकली होती गांगुर्डेकाकांनी, म्हणून साहेबांनी खापर त्यांच्यावरच फोडलं. दोष सापडला नाही तर वायरिंगचं काम दुसऱ्याला देणार म्हणाले. काका कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचे. मला फार वाईट वाटलं.

गंमत अशी, की आपल्याला काय होतंय ते स्विच टिपून ठेवतो, पण बंद पडून पुन्हा चालू झाला की सगळं विसरतो. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक तक्रार त्याने तिथल्या तिथे ऑफिसातल्या सर्व्हरला कळवायची. यालाच रिमोट लॉगिंग म्हणतात.

*

पहिल्या दिवशी एकही ओळ आली नाही. मग कळलं, सर्व्हरचा पत्ता टाकताना माझा एक आकडा चुकला होता आणि तो पत्ता निघाला अकाउंट्सच्या प्रिंटरचा. स्विच बिचारा दिवसभर आपलं रडगाणं प्रिंटरला ऐकवत होता, आणि प्रिंटर ढिम्म!

*

पत्ता सुधारला, ओळी आल्या. पण तारीख पार मागच्या शतकातली! स्विचचं घड्याळ कोणी लावलंच नव्हतं. मी ओळी छापून दिल्या, तर साहेबांनी तारीख न बघताच कागद काकांपुढे धरला आणि विचारलं, या वेळी तुम्ही शेडमध्ये काय करत होतात? काकांनी कागद नीट पाहिला.

"साहेब, तवा माझं लगीनबी झालं नव्हतं."

*

मग उत्साहाच्या भरात मी स्विचला बारीकसारीक सगळंच कळवायला लावलं. शेडमधला कोणता कॉम्प्युटर कधी बंद झाला तेही दिसायला लागलं. बातमी फुटलीच. डिस्पॅचच्या मॅडमनी माझ्यापुढे चिवड्याचा डबा सरकवला आणि हळूच विचारलं, "माझा जरा लवकर बंद होतो, तेपण येतं का?"

चिवडा छान होता. मी फक्त महत्त्वाच्या तक्रारी चालू ठेवल्या.

*

गर्दी हटली आणि एकच ओळ उठून दिसली. बंद पडण्याआधी दर वेळी तीच: तापमान वाढलंय. काका आणि मी शिडी लावून पेटी उघडली. खंडेनवमीच्या पूजेचा झेंडूचा हार, वाळून, स्विचच्या पंख्याच्या जाळीवर घट्ट बसलेला.

"काका, हा दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. पन साहेबांनी सोताच्या हातानं घातलाय. मी कसा काढू?"

मी लॉग, म्हणजे त्या तक्रारींची नोंद, साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, शेडमध्ये गेले आणि हार स्वतः उतरवला. काम काकांकडेच राहिलं.

*

पुढच्या खंडेनवमीला साहेब ताजा हार घेऊन शेडमध्ये आले. पेटीपाशी थबकले, वळले आणि हार सरळ काकांच्या गळ्यात घातला. सगळे बघतच राहिले.

"तापलात तर सांगा बरं का," साहेब म्हणाले.

काकांनी हार नीट केला.

"तुमाला नाय सांगनार साहेब. परस्पर सर्व्हरला कळवीन."