बोस्कोपचा मेथांबा

आमच्या घरमालकीणबाईंच्या बागेत बोस्कोप जातीच्या सफरचंदाचं एक म्हातारं झाड आहे. फळ दिसायला बटाट्यासारखं, खरबरीत आणि मळकट, एका अंगाला जेमतेम लाली. कच्चं खाल्लं की दात आंबतात. ऑक्टोबरात बाईंनी पेटीभर दिली आणि बजावलं, "केलरमध्ये, तळघरात ठेवा. नाताळापर्यंत हात लावू नका, मग गोडी येते." इथे जर्मनीत फळसुद्धा टेर्मिन घेऊन, ठरल्या वेळेलाच पिकतं.

तेव्हा सासूबाई आमच्याकडे नेकारसुल्मला आल्या होत्या. सासरे गेल्यापासून आठ महिने त्यांनी चुलीला हात लावला नव्हता. पूर्वी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवण्यात त्यांचा हातखंडा होता. आता काहीही वाढलं तरी "छान झालंय" म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, पहिला आठवडा मी सुखात होते. मग मला भीती वाटायला लागली.

तळघरात न्यायची पेटी दारातच पडून होती. एका दुपारी त्यांनी त्यातलं एक फळ कापून चाखलं.

"अगं, ही तर कैरी. गूळ आहे का घरात? मेथांबा करते."

मी नाताळ गुंडाळून ठेवला आणि गूळ काढून दिला. त्यांनी एकसारख्या फोडी केल्या, मेथ्या-हिंगाची फोडणी दिली, झाकण ठेवलं. पाच मिनिटांनी उघडलं तर फोडी गायब. कैरी शिजली तरी आब राखून असते. याचा पार लगदा.

"गेलं गं माझ्या हातातलं," म्हणून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. त्या सफरचंदाच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा असं मला वाटलं.

मेथीचा वास जिन्याने वर गेला असणार. घरमालकीणबाई तक्रारीचा चेहरा करून खाली आल्या आणि पातेल्यात डोकावल्या.

"गेनाऊ! अगदी असंच! शिजल्यावर विरघळलं नाही तर ते बोस्कोपच नव्हे," म्हणाल्या. उभ्याउभ्या चार चमचे खाल्ले, पाणी मागितलं, पाचवा खाल्ला. नाताळाचा विषय ना त्यांनी काढला, ना मी.

"अहो आई, त्या म्हणतात हे असंच व्हायला हवं."

सासूबाई उठल्या, चाखून तोंड वाकडं केलं. "तिला काय कळतंय. मेथ्या जळल्यात. आणखी चार सफरचंदं दे. आणि तू बाजूला हो बघू, सारखी मध्ये मध्ये येतेस."

मी बाजूला झाले आणि सिंककडे तोंड करून मनसोक्त रडले.