बाहुलीनं फिरवलेली पाठ

तांब्याच्या तारेला वार्निशचा वास येतो, आणि पांढरकवड्याचा बाजार आठवून माझी मान खाली जाते. तिथं एक भोंदू बाहुलीकडून कौल देई. बाहुलीत लोहचुंबक, पाटाखाली बॅटरीला जोडलेलं तारेचं वेटोळं. बाहुली विचारणाऱ्याकडे वळली की होकार. देवाच्या नावावरची ही लबाडी उघडी पाडायचीच, म्हणून मी गुपचूप तारांची टोकं उलटी जोडली.

पहिलीच आली तांड्यावरची एक म्हातारी. "ट्रकवर गेलेला माहा पोरगा वापस येईन का?"

बाहुलीनं पाठ फिरवली.

"चुंबक होय हे!" मी ओरडलो. लोक हसले. म्हातारी मात्र रडत होती. मी घाईनं तारा सुलट केल्या, बाहुली तिच्याकडे वळली.

"पाह्य माय, येते तुहा पोरगा!" मी म्हणालो.

"आता तं तूच फिरवून राह्यला ना, बापू," ती म्हणाली.